न दाखवलेली बोटं

फुटबॉल शिकवणाऱ्या मास्तरांना शाळेत सगळे ‘फवारासर’ म्हणत. अगदी तोंडावर नाही, पण पाठ वळायची वाटही कुणी पाहत नसे. गुडघा खरचटो, घोटा मुरगळो, सर खिशातली गार फवाऱ्याची बाटली काढत, फुस्स करत आणि म्हणत, ‘‘चला, उठा. काही झालेलं नाही.’’ एकदा एका मुलीचा दात पडला, तेव्हाही फुस्स झालं होतं.

डोक्याच्या बाबतीत मात्र स्पर्धेचा नियम आड यायचा. डोक्याला मार बसला की मास्तरांनी पंचांसमोर खेळाडूला विचारायचं: किती बोटं दिसतात, आणि समोरचा संघ कोणता? उत्तर चुकलं की खेळाडू बाहेर. गेल्या वर्षी याच नियमाने सरांची सगळ्यात चपळ मुलगी बाहेर बसली आणि चषक दुसऱ्याच शाळेत गेला. तेव्हापासून मुख्याध्यापक आल्यागेल्याला चषकांचं कपाट उघडून दाखवत. ‘‘ही जागा रिकामी का, ते आमच्या सरांना विचारा.’’

सरांनी मग वर्षभर डोकं चालवलं आणि बंदोबस्त केला. डोक्याचा नव्हे, उत्तरांचा. आपण बोटं दाखवणार ती कायम दोनच, हे त्यांनी ठरवून टाकलं. सराव संपला की मुली घामाघूम होऊन रांगेत उभ्या राहत.

‘‘किती बोटं?’’

‘‘दोन!’’

‘‘समोर कोण?’’

‘‘निळे!’’ किंवा ‘‘पिवळे!’’ जो संघ पुढच्या सामन्यात असेल तो. एवढ्या एका सुरात त्या प्रार्थनाही म्हणत नसत.

डोक्याच्या आणि मानेच्या दुखापतींवर एक प्रशिक्षणही झालं होतं. सर त्याला हजर होते, म्हणजे मागच्या रांगेत होते आणि अंतिम सामन्याची आखणी करत होते.

गोलात उभी राहायची ती सरांची सख्खी भाची. अंगावर चेंडू घ्यायला भीत नसे, म्हणून मैत्रिणी तिला भिंत म्हणत. घरी मामा आणि मैदानात सर, हा नियम तिने इतका अंगात मुरवला होता की एकदा जेवताना ‘‘सर, मीठ द्या’’ म्हणाली, आणि तिची आई, म्हणजे सरांची ताई, हसून हसून लोटपोट झाली. अंतिम सामन्याच्या सकाळी मात्र ताई हसली नव्हती. ‘‘तुझ्या भरवशावर पाठवते आहे,’’ एवढंच म्हणाली.

उत्तरार्धात बरोबरी चालू असताना निळ्यांनी चेंडू उंच टाकला. भिंतीने उडी मारली, चेंडू बाहेर ढकलला आणि कानशील गोलाच्या खांबावर आपटून, मान वाकडी होऊन ती खाली आली.

सर धावले. काखेत हात घालून तिला बसवलं, मानेवर फुस्स केलं आणि डब्याचं झाकण फिरवावं तशी मान एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवली. पंचबाई घड्याळ बघत उभ्या होत्या.

‘‘किती बोटं?’’

‘‘दोन.’’

‘‘समोर कोण?’’

‘‘निळे.’’

‘‘छान,’’ पंचबाई म्हणाल्या. मांडवाखालून मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. भिंत उठून खांबाला धरून उभी राहिली, सर रेषेबाहेर आले आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

बाटली खिशात ठेवताना त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. बाटली उजव्या हातात होती. डावा हात तिच्या मानेखाली होता. मग बोटं दाखवली कोणत्या हाताने?

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सामना संपत आला होता, राखीव गोलरक्षक घोटा बांधून बाकावर बसली होती, आणि मांडवात कपाटाचे मालक बसले होते. गप्प राहिलं तर जगात कुणाला कळणार नव्हतं.

एवढ्यात गोलातून आवाज आला. ‘‘मामा, मॅच कधी सुरू होणार?’’

मैदानात तिने त्यांना कधी मामा म्हटलं नव्हतं.

खेळ चालू असताना सर सरळ आत घुसले. निळ्यांचा गोल झाला आणि लगेच पंचबाईंची शिट्टी वाजली. शिट्टी सरांसाठी होती, त्यामुळे गोल धरला गेला.

‘‘आडवी हो राणी. मान हलवू नकोस, मुळीच नाही.’’ सरांनी गुडघ्यावर बसून तिचं डोकं दोन्ही हातांनी जसं होतं तसं धरून ठेवलं. प्रशिक्षणात मागच्या रांगेतही तेवढं ऐकू आलं होतं. ‘‘कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा!’’

मुख्याध्यापक धापा टाकत आले. ‘‘अहो, काय चालवलंय? तिने उत्तरं बरोबर दिली!’’

‘‘मी बोटं दाखवलीच नव्हती.’’

मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘मग तर अधिकच हुशार म्हणायची!’’

ॲम्ब्युलन्समध्ये तिला दोनदा उलटी झाली. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की आत रक्तस्राव नाही, पण मेंदूला हादरा बसला आहे आणि मानेचे स्नायू दुखावले आहेत. पट्टा लावायचा, विश्रांती घ्यायची, आणि त्यांनी सांगेपर्यंत मैदानाकडे फिरकायचं नाही. मग त्यांनी विचारलं, ‘‘हिला उठवून बसवलं कुणी?’’

‘‘मी.’’

‘‘आणि मान फिरवली ती?’’

‘‘तीही मीच.’’

‘‘नशीब समजा,’’ डॉक्टर म्हणाले.

ताई कोपऱ्यात उभी होती. रडून झालं होतं. ‘‘उत्तरं पाठ करून घेतलीस ना रे? घे आता शाबासकी.’’

संध्याकाळी डॉक्टरांनी हात वर केला. ‘‘किती बोटं?’’

‘‘दोन,’’ भिंत म्हणाली. चार होती.

रात्रभर सर खाटेजवळच्या स्टुलावरून हलले नाहीत. सकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. चौकशी झाली, हळहळ झाली, आणि शेवटी ते आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘पुढच्या वर्षी तीन ठेवा. दोन आता सगळ्यांना कळलंय.’’ सरांनी फोन ठेवला.

डॉक्टर फेरीवर आले आणि त्यांनी हात वर केला. ताईने पदर मुठीत धरला. सरांनी या वेळी आधी स्वतः बोटं मोजली, तीन होती, आणि मगच भाचीच्या तोंडाकडे पाहिलं.

ती बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. ‘‘तीन,’’ ती म्हणाली. ‘‘आणि मामा, तुम्ही मध्ये बोलू नका.’’