खऱ्या मशीनची साक्ष

आता बनत नसलेल्या जुन्या मशीनचे प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालवणारा एक खुला, कुणीही वापरावा असा एम्युलेटर दीर-वहिनी मिळून सांभाळत. एकदा वहिनीने त्यात खोट काढली. नसलेली फाइल पुसायला सांगितली, तरी त्यातला सिस्टीम कॉल, म्हणजे पुसण्याचा हुकूम पाळणारा कोड, ‘पुसली’ अशी खुशाल थाप मारतो! तो कॉल दिराने लिहिलेला, त्यामुळे त्याचं डोकंच फिरलं. त्याने स्क्रीनवरच्या एका खिडकीत एम्युलेटर आणि दुसरीत घरातलं खरं जुनं मशीन तपासलं. उत्तर हुबेहूब तेच. मग काय, प्रकल्पाच्या ऑनलाइन चर्चेत, जगासमोर त्याने तिला झाडलं, ‘खरं मशीनही हेच सांगतं. आधी तपासा, मग बोला!’

‘माझंच चुकलं,’ वहिनीने तिथेच लिहिलं.

तो ऐटीत शर्टाला इस्त्री करायला उठला. इस्त्रीची वायर सकाळपासून भिंतीवरच्या सॉकेटमध्येच होती. ती त्यानेच खोचली होती, खऱ्या मशीनची वायर उपटून.

म्हणजे खरं मशीन सकाळपासून बंदच, आणि दोन्ही खिडक्या एम्युलेटरच्याच! चोराच्या साक्षीला त्याने चोरच उभा केला होता.

“भावोजी,” आतून वहिनी म्हणाली, “उगाच तुमचा वेळ खाल्ला हो मी.”