मोज्याची मागची बाजू

गिऱ्हाइकाची पॅन्ट संध्याकाळी देते म्हटलं की आत्या संध्याकाळी देणारच. कपडे आल्टर करायच्या तिच्या दुकानात तीस वर्षांत एक चेन, एक काज मागे राहिलेलं नाही. शिकायला येणाऱ्या मुलींची थोडी चालढकल झाली तरी ती त्यांना उभं-आडवं घेते. आणि घरी? घरी कपाटावर एक निळी पिशवी, तिच्यात नाताळसाठी शिवायला घेतलेल्या आणि कधीच पुऱ्या न केलेल्या वस्तू कोंबलेल्या. दर डिसेंबरला बाई पिशवीकडे बघणार, 'यंदा नक्की' म्हणणार आणि नवीनच काहीतरी कापायला घेणार. आता या बाईला काय म्हणावं?

यंदा भावाचा फोन आला. "ताई, नाताळला आम्ही तुझ्याकडे येत नाही. धाकटी म्हणते, आपल्याच घरी करू. तुला यायचं तर ये."

"यायचं तर ये? म्हणजे मी पाहुणी?"

"ते तू तिच्याशीच बोल," म्हणत भावाने फोन ठेवला. अंग काढून घेण्यात तो लहानपणापासून पटाईत.

धाकटी म्हणजे भावाची बायको. शहरात बस चालवते, बोलते कमी. तिला राग का आला, हे आत्याने विचारायची गरज नव्हती. कारण त्या निळ्या पिशवीच्या तळाशी होतं.

या घरात आत्याच्या आईने एक रीत घालून दिली होती. घरात नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच नाताळला भरतकाम केलेला मोजा मिळायचा, भिंतीला टांगून भेटवस्तू भरायचा. समोर पांढऱ्या कापडावर त्या माणसाची ओळख सांगणारं चित्र आणि पाठीला आईच्या जुन्या कोटाची हिरवी मखमल. आई-वडिलांचे मोजे होतेच; आत्याच्या मोज्यावर कात्री, तिच्या नवऱ्याच्या मोज्यावर चष्मा, भावाच्या मोज्यावर सायकल. आई गेल्यावर हे काम आत्याकडे आलं. धाकटी लग्न होऊन आली त्याला अकरा वर्षं झाली. तिचा मोजा अजून नाही. तिच्या मुलीचा मात्र जन्मल्याबरोबर तयार झाला होता, वर बदक काढून. मागच्या नाताळला त्याच मुलीने, आत्याच्या नऊ वर्षांच्या भाचीने, ओव्हनमधलं भांडं काढायचा जाड हातमोजा आपल्या आईच्या नावाने भिंतीला अडकवला. सगळे हसले. धाकटीही हसली. सगळ्यात मोठ्याने आत्या हसली होती, आणि आता ते आठवून तिला स्वतःचेच कान उपटावेसे वाटत होते.

बरं, धाकटी तिला आवडत नव्हती असंही नाही. तिच्या मोज्याची पुढची बाजू पहिल्याच वर्षी भरून झाली होती: लाल बस, खिडकी-खिडकीत वेगळा चेहरा. पाठ कापताना कागदी साचा पालथा घालायचा असतो, नाहीतर दोन बाजू जुळत नाहीत. शिकाऊ मुलीला आत्या पहिल्या दिवशी हेच सांगते. आणि तिने स्वतः साचा सुलटाच ठेवून मखमल कापली. पुढचा पंजा एकीकडे, पाठीचा दुसरीकडे. जुळवायची तर मखमलीची मऊ बाजू आत आणि खरबरीत बाजू बाहेर ठेवावी लागणार. कोटाचं कापडही तिथेच संपलं, उरली ती कॉलर. पुढे भाचीचा इवलासा मोजा कॉलरमध्ये कसाबसा निघाला. चूक कबूल करायची म्हणजे नाक कापल्यासारखं, म्हणून आत्याने सगळ्यांना एकच उत्तर दिलं: वेळच मिळत नाही गं.

अकरा वर्षं वेळ मिळत नव्हता, तो आता चार दिवसांत मिळाला. आत्याने पिशवी पलंगावर उपडी केली आणि हात धुवून त्या कामांच्या मागे लागली. एकाच कोपऱ्यात फुलं भरलेला टेबलक्लॉथ, बंद न लावलेले तीन एप्रन, अर्धवट कापूस भरलेल्या सहा परी. त्यातल्या दोघींना डोळे नव्हते, एकीला डोकंच नव्हतं. भाची पाळण्यात असताना घेतलेली दुलई आता तिच्या गुडघ्यापर्यंतही पोहोचली नसती, तीही आत्याने दात-ओठ खात पुरी केली. "कुणी सांगितलं होतं एवढं घ्यायला?" सुईत दोरा ओवताना ती स्वतःवरच करवादली. नवऱ्याने "जेवतेस का?" विचारलं तर त्याच्याही अंगावर गेली. मोजा तेवढा तिने तसाच परत पिशवीत टाकला. 

पाचव्या दिवशी दुपारी धाकटीची ड्यूटी संपायच्या वेळेला आत्या सगळं घेऊन तिच्या दारात उभी राहिली. धाकटी नुकतीच आली होती, अंगावर अजून गणवेश. आत्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकेक वस्तू मांडली. धाकटीने दुलई उलगडली, परीच्या डोक्यावरून बोट फिरवलं.

"छान झालंय," ती म्हणाली. "आणि माझा मोजा?"

आता पळून जायला जागा नव्हती. आत्याने बसचं चित्र आणि उलटी मखमल पिशवीतून काढली, टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. साचा, कोट, कॉलर, सगळं.

धाकटीने बसचं चित्र जवळ ओढलं. खिडक्यांमधले चेहरे तिने एकेक करून पाहिले.

"पाठ भिंतीकडे असते, ताई. कोण बघणार होतं?"

"मला माहीत असतं ना."

"अकरा वर्षं मी त्या भिंतीसमोर बसून सगळ्यांचे मोजे उघडताना बघितले. दर वर्षी वाटायचं, माझं काय चुकलं? तुम्हा लोकांना माझी नोकरी पसंत नाही की मीच? घरी जाऊन यांना विचारायची, तर हे म्हणायचे, ताईला वेळ नसतो. कापडातली चूक तुम्हाला सहन झाली नाही, आणि हे सहन झालं?"

आत्याने उलटी मखमल उचलली.  

"चुकलं माझं," ती म्हणाली. "दुसरं कुठलंही कापड दे. आत्ता लावून देते."

"दुसरं नको. हीच लावा, उलटी."

"खरबरीत दिसेल गं."

"दिसू दे."

आत्या तिथेच शिवायला बसली. टाक्या-टाक्याला जीव वर-खाली होत होता, पण तिने उसवलं मात्र काही नाही. धाकटी समोर हनुवटीला हात लावून बसली होती, पूर्ण झाल्याशिवाय उठू देणार नाही अशी. तासाभरात मोजा झाला. धाकटीने तो हातात घेतला, पालथा करून खरबरीत बाजूवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवला. आभार वगैरे काही मानले नाहीत.

आत्याला वाटलं, मिटलं. "मग येताय ना माझ्याकडे नाताळला?"

"नाही. या वर्षी इथेच."

"अगं, पण मोजे सगळे माझ्या भिंतीवर..."

"घेऊन या ना. इथे लावू."

तीस वर्षांत पहिल्यांदा आत्याच्या घरची भिंत मोकळी राहणार होती. तिने सुया डबीत भरल्या आणि ती निघाली. दारापाशी मात्र पाय अडला. कसं विचारावं तेच तिला समजेना.

"माझ्यासाठीही खिळा ठोकशील ना एक?"

धाकटीने बाहेरच्या खोलीतल्या खिडकीशेजारच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे खिळ्यांची एक रांग होती. आत्याने मोजले. आई-वडिलांपासून भाचीपर्यंत सात जण, सात खिळे.

"परवाच ठोकले," धाकटी म्हणाली. "तुमचा सगळ्यात आधी."

 आत्या परत आत आली आणि खुर्चीवर बसली.