वाडी गावाबाहेरची नव्हे!

औंढ्याच्या चावडीत सकाळपासून गर्दी होती. डोंगरातल्या राखीव जंगलात गुरं चारायला नि जळण आणायला यापुढं फक्त गावच्या रहिवाशांनाच मुभा राहणार होती. रहिवासी कोण, हे ठरवायला तालुक्याहून मामलेदार आले होते.

"वरच्या ठाकरवाडीचं काय?" त्यांनी विचारलं.

गावचा मोठा खातेदार महिपती पुढं झाला. "ती फिरती मानसं, रावसाहेब. आज हितं, उद्या तितं. गावाचा आन् त्यांचा संबंध न्हाई."

साऱ्यांनी माना डोलावल्या. वाडी वगळली की सगळं जंगल आपलंच, हे प्रत्येकाला कळत होतं.

दाराबाहेर वाडीची माणसं उभी होती. त्यांतली गंगी तरातरा आत आली.

"फिरती? माजा आजा, माजा बा ह्याच मातीत गेलं. मी हितं जन्मले, माजी पोरं हितं जन्मली. आमी न्हाई हलनार!"

"झोपडीत कोन जन्मलं, कुनी बगितलंय?" महिपती हसला.

"म्या बगितलंय!"

महिपतीची म्हातारी आई सरुबाई उठून उभी राहिली होती.

"रावसाहेब, पिलेगाच्या साली ह्याचा बाप गेला. मी पोटुशी. गाव रानात झोपड्या घालून ऱ्हायलं, पन मला कुनी जवळ यिऊ दीना. सख्ख्या दिरानं बी न्हाई! तवा गंगीच्या आईनं हात धरून मला वाडीत नेलं. तिच्या झोपडीत हा महिपती जन्मला. वाडी गावाबाहेरची आसंल, तर पयलं ह्यालाच गावाबाहेर काडा!"

"आये, चार लोकांत..."

"चार लोकांतच तू त्यास्नी परकं केलंस न्हवं?"

महिपतीनं मान खाली घातली. लहानपणी हे त्याच्या कानावर आलं होतं. मोठेपणी ते विसरणंच सोयीचं वाटलं होतं. शेवटी तो बोलला, "रावसाहेब, मगाशी मी खोटं बोललो. वाडी गावचीच हाय."

"आरं, जंगलात वाटेकरी हुतील!" मागून कुणीतरी ओरडलं.

"हूं द्या! वाडीला वगळायचं, तर माजं बी नाव काडा."

मग कुणीच विरोध केला नाही. वाडी गावात धरली गेली.

गंगीनं हात जोडले नाहीत. "आमचंच हुतं, त्ये आमाला मिळालं," एवढंच म्हणून ती वाडीच्या वाटेला लागली.

बांधवांनो, ज्या मातीत माणूस जन्मतो नि राबतो, तिच्यावरचा त्याचा हक्क म्हणजे आपण घातलेली भीक नव्हे. शेजाऱ्याला परका म्हणण्याआधी आपण कुणाच्या आसऱ्यानं वाढलो, एवढं तरी स्वतःला विचारा!