शार्कची बेंबी

मामांच्या कोटाचं मधलं बटण काही केल्या लागेना. पोट आत घेऊन झालं, श्वास रोखून झाला, शेवटी आरशाकडे पाठही करून झाली. पण बटण आणि काज यांच्यात दोन बोटांचं अंतर राहिलं ते राहिलंच.

"जावईबापू, माप माझं घेतलंत की माझ्या सावलीचं?" मामा कडाडले.

शिंप्यानं तोंडातल्या टाचण्या काढून उशीला खोचल्या. "मामा, मी स्वतः लिहून घेतलंय. छाती एकशे आठ." मग त्यानं गळ्यातली टेप मामांच्या छातीभोवती धरली. एकशे बारा भरली होती.

"त्या दिवशी माझी टेप सापडत नव्हती," तो पुटपुटला, "म्हणून दाराच्या खिळ्यावरची हिची घेतली."

'ही' तिथेच मशीनशेजारी बसून उद्याच्या सभेसाठी मोठ्या कागदावर आलेख काढत होती. तिचा हात थांबला. शिंप्यानं तिची जुनी टेप कापायच्या टेबलावर लोखंडी पट्टीला लावून ठेवली. पट्टी सांगत होती पुरते शंभर सेंटीमीटर. टेप सांगत होती साडेशहाण्णव.

तिनं पुन्हा लावून पाहिली. तेवढीच भरली.

तिला सगळा धक्का टेपताई म्हणायचा. मासे उतरवायच्या धक्क्यावर लिलाव सुरू व्हायच्या आत आलेला प्रत्येक शार्क मोजायचा, नर की मादी ते बघायचं, वहीत लिहायचं आणि वही महिन्याच्या शेवटी मत्स्यखात्याकडे पाठवायची, हे तिचं काम. सात वर्षं ती ते करत होती, आणि सातही वर्षं तीच एक कापडी टेप वापरत होती. ती खाऱ्या पाण्यात भिजायची, ताणली जायची, उन्हात वाळायची. अशी टेप हळूहळू लांबते. टेप लांबली की तिच्यावरचे आकडे एकमेकांपासून दूर जातात, आणि मग लांब वस्तूही आखूड भरते. तिच्या आलेखातली रेघ सात वर्षं सावकाश खाली उतरत होती. किती? शंभरात साडेतीन.

शार्क लहान होत नव्हते. टेप मोठी होत होती.

मामांनाही ते उमगायला वेळ लागला नाही. ते होडीमालकांच्या संघाचे प्रमुख होते, आणि उद्याच्या सभेत भाचीच्या मागणीला सगळ्यांत मोठा विरोध त्यांचाच होता. तिची मागणी होती की खाडीच्या तोंडाशी दोन महिने कुणी जाळं टाकू नये, कारण तिथं मिळणारे हातभर लांबीचे शार्क ही पिल्लं आहेत. मामांचं म्हणणं असं की ती पिल्लं नव्हेतच, ती जातच बुटकी. तीस वर्षं ते 'बुटके' टोपल्या भरभरून विकत आले होते.

"मग?" मामा मिशीत हसले. "उद्या मी सांगू, की तू सांगतेस?"

"मीच सांगते, मामा."

"बघ हं. नंतर म्हणशील, मामानं भाचीला तोंडघशी पाडलं." आणि उघड्या कोटानं ते ऐटीत निघून गेले.

ती बराच वेळ आलेखाकडे बघत राहिली. उद्या सभेनं नाही म्हटलं, तर संघाच्या नियमानं हा विषय पुन्हा पाच वर्षं निघणार नव्हता. पूर्वी माणसाएवढ्या माद्या रोज उतरायच्या. यंदा अख्ख्या हंगामात अकरा आल्या होत्या. पाच वर्षांनी मोजायला काय उरणार होतं?

"चूक माझी आहे," शिंपी म्हणाला. "आम्ही शिंपी टेप दर वर्षी बदलतो. तुझी बदलायचं काही सुचलं नाही बघ."

"अहो, सात वर्षांचं काम वाया गेलं."

"टेपचं गेलं. तुझे डोळे काही लांबले नाहीत ना? टेप सोडून काय काय बघितलंस ते सांग."

तिनं वही ओढली. नर-मादी ओळखायला प्रत्येक मासा उताणा करावाच लागतो. आणि उताणा केला की पोटावर, दोन बाजूंच्या परांच्या मधोमध, आणखी एक गोष्ट दिसते. तिची खूण तिनं शेवटच्या रकान्यात दरवेळी केली होती, पण सभेत तो विषय कधी काढला नव्हता. आकडे भारदस्त वाटतात. या गोष्टीला लोक फक्त हसले असते.

"हसू देत की," शिंपी म्हणाला. "हसायला तरी जवळ येतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी लिलावाच्या शेडमध्ये सभा भरली. फरशी धुतलेली होती, तरी वास होताच. एकवीस होडीमालक उलट्या टोपल्यांवर बसले होते. मागे त्यांच्या घरच्या बायका होत्या. त्यांत मामीही होत्या. मामी दवाखान्यात सुईण. गावातली निम्मी डोकी त्यांच्याच हातावर जगात आली होती, त्यामुळे भल्याभल्यांना त्या एकेरीत हाक मारत.

टेपताईनं आलेख उलगडला, सगळ्यांना दाखवला आणि घडी घालून बाजूला ठेवला.

"हा आलेख चुकलाय," ती म्हणाली. "माझी टेप ताणली गेली होती. शार्कची लांबी घटलीय असं मी दोन वर्षं तुम्हाला सांगत आले. तसं सिद्ध होत नाही. चूक माझी आहे."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "टेपताईची टेपच खोटी!" आणि शेड हसून दणाणली. मामा उभे राहिले. "संपलं तर मग. उठा, चहा घेऊ."

"थांबा, मामा. टेप नको, आता नुसतं बोट पुरे." तिनं दोन पेट्या पुढे ओढल्या. सकाळच्या जाळ्यात मेलेले बुटके त्यांत बर्फावर होते. "यातला कुठलाही उचला आणि उताणा करा. त्याला बेंबी आहे."

आता तर हशाला ऊतच आला.

"माशाला बेंबी! उद्या म्हणशील दाढी आहे!"

"माशाला नाव, गाव आणि मामाही असेल!"

"बहुतेक मासे अंडी घालतात, त्यांना बेंबी नसते," ती आवाज न चढवता म्हणाली. वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांना समजावतात तसं. "पण या शार्कची मादी पिल्लू पोटात वाढवते. दहा-अकरा महिने. पिल्लू आईला नाळेनं जोडलेलं असतं. जन्मल्यावर नाळ तुटते आणि बेंबी काही दिवस उघडी राहते. मग भरून येते. मोठ्या शार्कच्या पोटावर ती दिसतही नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? या ना, बघा."

सगळ्यांत आधी मामी पुढे आल्या. पदर खोचला, पेटीतला एक मासा उचलला आणि हातावर उताणा धरला, मान सांभाळून, सवयच ती. अंगठ्यानं पोटावरचं पाणी पुसलं. शेडमधला आवाज आपोआप खाली आला.

"अहो, इकडे या," त्या मामांना म्हणाल्या. "बेंबी ओली आहे."

"जाळ्याचा काप असेल."

"माझ्यापुढे बेंबीचं सांगू नका. हे पोर आठ-दहा दिवसांचं आहे."

मामांनी मासा हातात घेतला. नीट बघितला. ठेवला आणि दुसरा घेतला. तोही ठेवला. त्यांना बिनबेंबीचा एक हवा होता. एक सापडला असता तरी जात बुटकी म्हणता आलं असतं. ते गुडघ्यावर बसून बर्फात हात घालत राहिले. तिसरा, सातवा, बारावा. बाकीचे मालक एकेक करून भोवती जमले आणि तेही मासे उलटे करू लागले. कुणी हसत नव्हतं. पेट्यांत एकेचाळीस मासे होते. एकेचाळीस बेंब्या निघाल्या.

मामा बर्फानं लाल झालेल्या हातांकडे बघत बसले होते.

"तीस वर्षं," ते हळूच म्हणाले, "आम्ही पाळणे विकत होतो की गं, पोरी."

टेपताईला वाटलं, पुढे होऊन मामांचा हात धरावा. पण त्या आधीच मामा ताडकन उठले. हरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. हरायची वेळ आलीच, तर जिंकणाऱ्याच्याही पुढे जाऊन उभं राहायचं, ही त्यांची रीत.

"ही दोन महिने मागतेय," त्यांनी मामींना विचारलं. "सुईणबाई, बाळंतिणीच्या खोलीला दोन महिने पुरतात?"

"पहिल्या पिल्लापासून शेवटच्यापर्यंत धरायचं, आणि त्यांना जरा बळ यायला हवं. तीन करा."

"तीन महिने!" मामा गरजले. "खाडीच्या तोंडाशी एकही जाळं नाही. ज्याला मान्य त्यानं हात वर करा. ज्याला अमान्य त्यानं एक बिनबेंबीचा मासा आणून दाखवा!"

एकवीस हात वर गेले. मागे बायकांचेही गेले, त्यांना मत नव्हतं तरी. शिंपी दारात उभा राहून दोन्ही हात वर करून नाचत होता.

टेपताई वहीत निकाल लिहायला लागली, तर मामांनी वहीच मिटवली. "लिहितेस काय? सभेला यायच्या आधी आम्ही जाळी लावून आलोय. ती अजून पाण्यातच आहेत!"

मग जी धावपळ उडाली! ऊन कलायच्या आत सगळ्या होड्या खाडीच्या तोंडाशी पोचल्या. जाळी वर ओढताना होडीमालक जन्मात पहिल्यांदा मासे सुटावेत म्हणून धडपडत होते. कात्र्या चालत होत्या. महागाची जाळी कापताना कुणी हूं की चूं केलं नाही. काही पिल्लं मेली होती, पण पुष्कळ जिवंत होती. टेपताई होडीच्या काठावर बसून प्रत्येकाच्या पाठीवरच्या परात क्रमांकाचा छोटा बिल्ला अडकवत होती आणि पिल्लू खाली मामांकडे देत होती. मामा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते.

"शेपटीला धरू नका, मामा. पोटाखाली हात द्या. तोंड प्रवाहाकडे करा, म्हणजे कल्ल्यांतून पाणी खेळेल."

"असं?"

"अस्सं. आता घाई नको. त्याचं ते जाईल."

पिल्लू मामांच्या हातांवर निपचित पडलं होतं. एकदा कल्ले हलले. पुन्हा हलले. मग अंगातून एक लाट गेल्यासारखी ते वळवळलं, शेपटीचा फटका मामांच्या तोंडावर पाणी उडवून गेला आणि काळसर पाठ खोल पाण्याकडे सुसाट निघाली. दोन्ही बाजूंच्या होड्यांवरून आरोळी उठली.

मामांनी मिशीवरचं पाणी निपटलं आणि रिकामे हात वर केले.

"आण गं," ते ओरडले, "पुढचं आण लवकर!"