पानजोड आणि तिसगावच्या पुष्पावतीकाकू

मित्रांनो, मी एक जुना संगणकीय प्रोग्राम आहे. माझं नाव पानजोड. कोड लिहिता न येणाऱ्यालाही इंटरनेटवर स्वतःचं पान करता यावं, म्हणून केडगावच्या मोनिकाने मला घडवलं. फोटो निवडायचा, बटण दाबायचं, झालं! शहरात माझं फार कौतुक झालं.

मग मी तिसगावला आलो. ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं तिथल्या वसतिगृहात राहतात. त्यांना सांभाळणाऱ्या पुष्पावतीकाकू रोज माझ्या पानावर मुलांचा फोटो टाकत. दूर फडातले आईबाप तो मोबाईलवर बघत.

एकदा दोन मुलांना जुलाब झाले. औषधाने ती बरीही झाली, पण फडापर्यंत बातमी पोचली ती फुगूनच. काकूंनी घाईने नव्या मोबाईलवर सगळ्यांचा फोटो काढला. मी म्हणालो, ‘इनव्हॅलिड इनपुट.’ त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. फोटो फक्त आकाराने मोठा होता. मला ते कळत होतं, पण ते सांगायला मोनिकाने मला शब्दच दिले नव्हते. मी आतल्या आत तळमळत राहिलो.

“समदी बरी हायेत,” काकूंनी निकिताच्या आईला, पंकजाला, फोन केला.

“मंग आज फोटू का न्हाई?”

दुसऱ्या दिवशी पंकजा काम टाकून एसटीने आली. निकिता जेवत होती. पंकजा तिला कवटाळून रडली. काकूंची मान खाली गेली. “मला जमलं न्हाई, बाई.”

ही हकीकत कळताच मोनिका केडगावहून धावत आली. “काकू, तुम्ही करा. मी नुसती बघते.” काकूंनी बटण दाबलं. माझे तेच शब्द पुन्हा दिसताच काकूंचा हात चटका बसल्यासारखा मागे आला.

“फोटो मोठा आहे, एवढंच म्हणतोय तो.”

“मंग तसं म्हनत का न्हाई त्यो?”

मोनिका हसली आणि लगेच कामाला लागली. त्याच दिवशी तिने मला नवं बोलणं शिकवलं : ‘फोटो मोठा आहे. लहान करू का?’ खाली एकच बटण, ‘हो’.

“मला बी दाव,” अजून तिथेच असलेली पंकजा म्हणाली. परत गेल्यावर तिने फडातून स्वतःचा फोटो टाकला. निकिता पडद्याला नाक लावून बसली.

आता मोनिका दुसऱ्या कामात गुंतली आहे. मोबाईल बदलले, मी मात्र तोच राहिलो. पंकजाचा फोटो अर्ध्यावरच अडकतो. मित्रांनो, साधन एकदा घडवून भागत नाही, त्याची देखभालही करावी लागते. तुमच्यातलं कुणी प्रोग्रामिंग शिकत असेल, तर लवकर या. निकिता रोज सकाळी विचारते, “आईचा फोटू आला का?”