कोटाची खूण

रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, नवे होते, म्हणून चूक झाली. जुन्यांपैकी कुणालाही विचारलं असतं, तरी त्याने सांगितलं असतं की लाँड्रीवाली थोरली आणि चष्म्याच्या दुकानातली धाकटी, या दोघी जावांना एका टेबलाशी बसवायचं नाही. पण रब्बींनी यादीत एकच आडनाव दोनदा पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "घरच्याच की तुम्ही. मग तुमची जोडी ठरलेलीच."

सिनेगॉगच्या तळमजल्यावर दर मंगळवारी संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा. लहानपणी प्रार्थना नुसत्याच पाठ केलेल्या, आता अर्थ कळावा म्हणून माणसं यायची. निवृत्त बसड्रायव्हर चहासाठी यायचा, आणि तो तसं कबूलही करायचा. शिकायची रीत जुनीच. दोघादोघांनी समोरासमोर बसायचं, जुन्या कायद्याचा एक तुकडा मोठ्याने वाचायचा आणि त्यावर भांडायचं. रब्बींचा त्यात एक नियम होता: आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने नीट सांगायचं, त्याने मान डोलावली की मगच आपलं.

"भांडायचं म्हणजे खरंच भांडायचं?" थोरलीने विचारलं.

"अगदी मोकळेपणाने," रब्बी म्हणाले.

बसड्रायव्हरने हातातला कप खाली ठेवला आणि खुर्ची जरा त्यांच्या बाजूला वळवली.

दोघींचं बोलणं बंद झालं ते सासूबाई गेल्या त्या आठवड्यात. घरात सात दिवस शोक पाळायचा, सगळी जवळची माणसं बुटक्या स्टुलांवर बसलेली, भेटायला येणाऱ्यांची रीघ. कुणीतरी विचारलं, म्हातारीचं शेवटी कोण करत होतं? थोरली दमलेली होती, रडून डोळे सुजलेले. ती म्हणाली, "मीच. दिवसभर दुकान, रात्री त्या. दुपारी एकट्याच असायच्या बिचाऱ्या. धाकटीला कुठली सवड." धाकटी शेजारच्याच स्टुलावर होती. ती काही बोलली नाही. शोकाचे दिवस तिने खाली मान घालून पुरे केले आणि नंतर थोरलीच्या घराची, दुकानाची पायरी चढली नाही. दोघे भाऊ बाहेर भेटत राहिले, कारण त्यांचं काहीच बिनसलं नव्हतं, आणि बायकांमध्ये पडण्याची त्यांची छाती नव्हती.

थोरलीला ते वाक्य नंतर टोचलं होतं. पण वाक्य खोटं होतं असं तिला वाटत नव्हतं, नुसतं चारचौघांत बोलायला नको होतं एवढंच. आणि एवढ्याशासाठी पाय धरायला कोण जातं? तरी धाकटी परत यावी असं तिला फार वाटे. दुकानातल्या दांडीच्या अगदी टोकाला धाकटीचा एक काळा कोट टांगलेला होता. सासूबाई आजारी असतानाच धुवायला आलेला, नंतर न्यायला कुणी आलंच नाही. तीन महिन्यांनंतर आमची जबाबदारी नाही, अशी पाटी थोरलीने स्वतःच भिंतीवर लावलेली. बाकीच्यांचे न नेलेले कपडे ती वाटून टाकी. हा कोट मात्र दर हिवाळ्यात खाली उतरे, झटकला जाई, नवं प्लास्टिक घालून परत वर जाई. नवरा एकदा म्हणाला, "मी नेऊन देऊ?" "तुझा आहे का?" थोरली म्हणाली. विषय संपला.

पहिले काही मंगळवार दोघी टेबलावरच्या चहाच्या किटलीशी बोलल्या. "यांचं म्हणणं असं दिसतंय," थोरली किटलीकडे बघून म्हणायची. "यांना तसं दिसत असेल," धाकटी किटलीला सांगायची. बसड्रायव्हरची निराशा झाली. त्याने जास्त अपेक्षा ठेवली होती.

मग धडा आला हरवलेल्या वस्तूंचा. रस्त्यात काही सापडलं तर ते कुणाचं? त्या वस्तूवर ओळखीची खूण असेल तर ज्याला सापडली त्याने जाहीर करायचं आणि जो खूण सांगेल त्याला द्यायचं. पण मालकाने आशाच सोडली असेल, गेलं ते गेलं म्हणून मन काढून घेतलं असेल, तर ज्याला सापडली त्याची ती वस्तू. मग पुढचा प्रश्न: मालकाने आशा सोडली हे ओळखायचं कसं?

"तो आला नाही, यावरून," थोरली म्हणाली. तिच्या वाट्याला ती बाजू आली होती. "ज्याला वस्तू हवी असते तो शोधायला येतो."

"आधी माझं म्हणणं सांगा," धाकटी म्हणाली.

"तुझं म्हणणं असं, की आला नाही म्हणजे आशा सोडली असं धरू नये. त्याने तोंडाने म्हटलं पाहिजे."

"हो." धाकटीने मान डोलावली.

"मला नाही पटत. समजा, एखादीने कोट धुवायला टाकला आणि वर्षानुवर्षं नेलाच नाही. तर दुकानदारीणबाईंनी काय समजायचं?"

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण किटलीकडे बघत नव्हतो.

धाकटीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चष्मे विकणाऱ्या बाईला विचार करायला तेवढा वेळ पुरतो. मग म्हणाली, "तो कोट हरवलेला नाहीच. कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. फक्त त्या दारातून आत कोणत्या तोंडाने जायचं, हे तिला समजत नाहीये."

"दार काही बंद नसतं."

"दाराचं नाही म्हणत मी."

थोरलीने पुस्तकातली ओळ बोटाने उगाच पुन्हा पुन्हा चाचपली. "मग यावं आणि खूण सांगावी," ती शेवटी म्हणाली. "कायदाच आहे तसा."

"डाव्या खिशाचं अस्तर," धाकटी म्हणाली, "लाल दोऱ्याने शिवलंय. वेडंवाकडं."

रब्बींनी टाळी वाजवली, आता बाजू बदला. थोरली म्हणाली की तिचं डोकं दुखतंय, आणि लवकर निघून गेली. डोकं दुखत नव्हतं. तिला आठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इस्त्री तापायच्या आत, धाकटी दारात उभी. "खूण सांगितलीय मी," ती म्हणाली.

थोरलीने कोट आधीच काढून काउंटरवर ठेवला होता. धाकटीने डावा खिसा उलटा केला. अस्तर काळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं, बारीक, एकसारख्या टाक्यांनी, कुठे शिवलंय ते शोधावं लागेल असं.

"हा माझा नाही," धाकटी म्हणाली.

"तुझाच आहे. खूण होती. मी उसवली." थोरलीने हात पदराला पुसले, ओले नव्हते तरी. "कोट आला तेव्हाच. मला वाटलं कुणा शिंप्याने उरकून टाकलंय हे, काळ्या कोटाला लाल दोरा. नीट करून दिलं. पैसेही लावणार नव्हते."

धाकटीने त्या खिशात बोटं फिरवली. "सासूबाईंनी शिवलं होतं. दुपारी. दिसत नव्हतं त्यांना, पण खिसा फाटलेला हाताला लागला. म्हणाल्या, दे इकडे. सुईत दोरा मी ओवून दिला. काळा म्हणून दिलेला लालच होता, ते मलाही नंतर दिसलं. चष्म्याचं दुकान माझं, आणि बघा."

"दुपारी?"

"मी रोज यायचे. जेवणाच्या सुट्टीत. डोळ्यांत थेंब घालायला."

थोरली स्टुलावर बसली. "मला का नाही सांगितलं कुणी?"

"त्याच नको म्हणाल्या. थोरलीला वाटेल तिचं कमी पडतंय."

"आणि त्या दिवशी? मी सगळ्यांदेखत बोलले तेव्हा का नाही तोंड उघडलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? सांगून टाकलंत."

बाहेरून एक गिऱ्हाईक पडदे घेऊन आलं. थोरलीने पडदे घेतले, पावती फाडली, चुकून तिच्यावर तिसऱ्याच माणसाचं नाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. गिऱ्हाईक गेलं.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "त्या एकट्या नव्हत्या. त्या दिवशी जे बसले होते त्यांतले जेवढे आठवतात तेवढ्यांना जाऊन सांगेन."

"बसड्रायव्हरला सांगा. पुरे होईल."

थोरलीला हसू आलं आणि नाकही ओढावं लागलं. धाकटीने कोट तिच्याकडे सरकवला. "लाल दोरा आहे?"

"लाँड्रीत दोऱ्यांना काय तोटा." तिने डबा काढला, काळे टाके उसवले आणि लाल दोऱ्याने शिवायला घेतलं. दोन बोटांएवढं शिवून झाल्यावर धाकटी वाकून बघायला लागली.

"सरळ येतंय."

"मग कसं यायला हवं?"

"वाकडं. एक लांब, एक आखूड."

थोरलीने प्रयत्न केला. उसवलं, पुन्हा केला. आयुष्यभर नीट शिवणाऱ्या हाताला मुद्दाम चुकणं जमेना. "नाही गं येत."

"द्या इकडे, ताई." धाकटीने चष्मा काढून काउंटरवर ठेवला, सुई घेतली, आणि डोळे बारीक करून अंदाजाने शिवू लागली. टाके छान वेडेवाकडे पडत गेले. एकदा सुई बोटाला लागली, तेव्हा तिने सासूबाईंची ठेवणीतली शिवी हासडली.

"पण ही खोटी खूण झाली ना?" थोरलीने जरा वेळाने विचारलं. "मालकिणीने स्वतःच घातलेली?"

"आणि खरी, जिला सापडली तिनेच पुसलेली." धाकटीने दोरा दातांनी तोडला. "मंगळवारी टाकू हा प्रश्न रब्बींच्या पुढ्यात. तुम्ही कोणती बाजू घेणार?"

"तुझी," थोरली म्हणाली, आणि इस्त्रीचं बटण चालू करायला उठली. "बाजू बदलेपर्यंत."