पाठमोरी दुरुस्ती

शिलाई मशीन दुरुस्त करताना गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसायचं, ही त्या दुकानाची वडिलांपासूनची रीत. विद्या दाखवली की पोट गेलं, असं वडील म्हणायचे. थोरल्यानं तर वडिलांवरही ताण केली. तो सख्ख्या धाकट्या बहिणीकडेही पाठच करायचा. ती दुकान झाडायची, तेलाच्या बाटल्या भरायची आणि भावाच्या खांद्यांकडे बघत मनातल्या मनात जळायची.

शेवटी ती इंटरनेटवर शिकली. कुठल्या कुठल्या मुलखातली अनोळखी माणसं मशीन उघडून, हातचं काही न राखता सांगत होती. मग तिनंही तेच केलं. एका जातीच्या मशीनमधलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक हमखास फुटायचं. ते पितळेचं कसं बनवायचं, याचा व्हिडिओ तिनं टाकला. बघणाऱ्यांतल्या निम्म्यांना स्वतः खटपट करायचा कंटाळा. ते चाक तिच्याकडूनच मागवू लागले. दुकानाचं भाडं त्यावर निघायला लागलं.

थोरल्याला हे कळलं आणि त्याचं पित्त खवळलं.

"घरची विद्या चव्हाट्यावर मांडलीस? लाज नाही वाटत?"

"घरची? तू मला काय दाखवलंस, दादा? शर्टाची मागची शिवण!"

दुसऱ्या दिवशी त्यानं इंटरनेटची वायर पक्कडीनं तोडली, तिच्या मोबाइलचं रिचार्ज बंद केलं आणि नव्या मशीन विकणाऱ्या मोठ्या डीलरनं गल्लीला दिलेलं फुकट इंटरनेट घेतलं. फुकट खरं, पण त्यात डीलरच्या ऑनलाइन दुकानाशिवाय दुसरं काही उघडायचंच नाही. सापळ्यातला तुकडाही उंदराला फुकटच मिळतो. चाकांच्या ऑर्डरी आटल्या. घरात दोघं बोलेनात. बोलले तर भांडायलाच.

अशात गणवेश शिवणाऱ्या बाई नेमकं ते चाक फुटणाऱ्या जातीचं मशीन घेऊन आल्या. त्यांचं काम गेलं तर दुकानाला टाळंच लागणार होतं. थोरल्यानं पाठ केली, मशीन उघडलं आणि घाम पुसू लागला. डीलरच्या दुकानात शोधलं, तर एकच उत्तर मिळालं: नवीन मशीन घ्या.

"शाळा उघडायच्यात माझ्या गिऱ्हाइकांच्या," बाई कडाडल्या. "जमत नसेल तर तसं सांगा. तुमची पाठ किती वेळ बघू?"

थोरला बहिणीकडे वळला. "कर ना जरा. दुकान दोघांचं आहे."

"आज आठवलं होय?"

तिनं मशीन ओढून घेतलं आणि बाईंना स्टूल देऊन समोर बसवलं. "नीट बघा, म्हणजे पुढच्या वेळी घरीच कराल." मग पडून राहिलेल्या पितळी चाकांतलं एक काढून ती बसवू लागली. थोरला मागून मान लांब करून डोकावला, तेव्हा तिनं खांदा आडवा घातला.

"अगं, मला बघू तरी दे!"

"व्हिडिओ आहे की. साऱ्या जगाला दिसतो. फक्त तुझ्या दुकानात दिसत नाही."

मान न वळवताच तिनं पक्कड मागं फेकली. ती खणकन त्याच्या पायाशी पडली.

"वायर तोडलीस तू, जोडायचीही तूच."

बाईंना हसू आवरेना. थोरला दातओठ खात पक्कड उचलायला वाकला.